सरपंचाची माफी

राजुऱ्याहून निघालेली गाडी लक्कडकोट ओलांडते आणि दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं गोल व्हायला लागतात. मग थोड्याच वेळात वांकिडी येते. माझ्या आजोबांच्या लहानपणी मधे ही सीमा नव्हती. राजुरा तालुका तेव्हा निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, राजुरा आधी नांदेडला जोडला गेला, १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आला. वांकिडी तिकडेच राहिली. २०१६ पासून तिचा जिल्हा कुमरम भीम आसिफाबाद झाला, पण मामाच्या तोंडी अजून आदिलाबादच आहे.

दिवाळीच्या चार दिवस आधी आईला घेऊन मामाकडे गेले, तेव्हा माझ्या पिशवीत एक वही होती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी लिहिलेलं प्रहसन. विषय जिवती तालुक्यातल्या चौदा गावांचा. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर ही त्यातली काही. महाराष्ट्र म्हणतो गावं आमची. तेलंगणा म्हणतो आमची, केरामेरी मंडळातली. तिथल्या माणसांकडे दोन राज्यांची मतदार कार्डं आहेत, दोन रेशनकार्डं आहेत. गावाला दोन ग्रामपंचायती आणि दोन सरपंच. टीव्हीवरच्या कोणत्याही विनोदी कार्यक्रमानं हा विषय अजून कसा उचलला नाही, याचं मला नवल वाटत होतं, म्हणून मीच लिहायला बसले.

मामा सीमेवरच्या सरकारी मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. वर्गात पुस्तकी मराठी आणि घरी वऱ्हाडी, असा त्यांचा शिरस्ता. जेवणं झाली, मामींनी टीव्ही लावला. तेलुगू वाहिन्यांच्या पॅकवर मराठी वाहिन्यांचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि मामा ते न चुकता भरतात. मामांनी चष्मा लावला, वही मांडीवर घेतली, कानामागची पेन्सिल काढली. पहिल्याच पानावर थांबले.

"हे काहून लिहिलं, पोरी?"

प्रसंग असा होता. गावात सरकारी हातपंप बसतो. उद्घाटनाला दोन्ही सरपंच नारळ घेऊन येतात. कोनशिलेवर काय लिहिलंय ते दोघांनाही वाचता येत नाही, म्हणून दोघं मान उलटी करून पाटी वाचायला लागतात. मामांनी त्या ओळीखाली रेघ मारली होती.

"लोक हसतात, मामा."

"ते मले समजते. कोण हासन आन कोणावर हासन, ते विचारून राहिलो."

टीव्हीवर तेव्हा कुठल्याशा जुन्या भागात एक सरपंच धोतर सावरत धावत होता. मामांनी तिकडे बोट केलं. "पाह्य. सरपंच आला की समजून घ्यायचं. अंगठेबहाद्दर असन, पैसे खाणारा असन, बायकोले भिणारा असन. गेली पंचवीस वर्षं मी पाहून राहिलो. आपल्या भागात सरपंच कोण होते आता? गोंडाची बाई होते, कोलामाचा पोरगा होते. आसिफाबादची आमदारकी आदिवासींसाठी राखीव हाये, तिथून बाई निवडून गेली. जवा पाटील-देशमुखच सरपंच होते, तवा त्याच्यावर हासणं म्हणजे मोठ्यावर हासणं होतं. आता खुर्चीवरचा माणूस बदलला आन विनोद तोच राहिला."

हे मी कधी असं पाहिलं नव्हतं. पण लगेच मान्य करायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "मामा, हे कार्यक्रम कोणाचीच बाजू घेत नाहीत, म्हणून तर चालतात. 'चला हवा येऊ द्या' २०१४ ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. त्यातल्या थुकरटवाडीत पक्षच नव्हता. घरात सासरा एका पक्षाचा, सून दुसऱ्या पक्षाची, आणि दोघं एका सतरंजीवर बसून हसत होते. आज असं एकत्र बसण्याच्या जागा किती उरल्यात?"

"पक्ष नसन. बाजू हाये."

"कोणती?"

"सरकारचं सगळं भंगार, अशी. मास्तर झोपा काढते, कंपाउंडर दारू पिते, ग्रामसेवक टेबलाखालून घेते. बाई, मुंबईत बसून हे लिहिणाऱ्याले दुसरा दवाखाना हाये, दुसरी शाळा हाये. वांकिडीच्या माणसाले सरकारी दवाखाना नसला तं आसिफाबाद, नाही तं चंद्रपूर. त्याच्या मनातून तो दवाखानाच उतरवला, तं त्याले राहिलं काय?"

मामांच्या बाजूचा एक मोठा दाखला मला माहीत होता आणि तो दडवून ठेवणं बरं वाटेना. बीबीसीवर १९८० मध्ये 'यस मिनिस्टर' सुरू झालं. मंत्री गोंधळलेला, सचिव बेरकी, आणि दोघांच्या ओढाताणीत लोकांचं काम कधी होत नाही. पक्षाचं नाव त्यात कधीच येत नाही, आणि म्हणून सगळ्यांना वाटायचं की ही मालिका राजकारणाच्या पलीकडची आहे. पण दोन लेखकांपैकी अँटनी जे यांचा सरकार नावाच्या यंत्रणेवरच विश्वास नव्हता. सरकारी नोकर लोकांचं भलं पाहत नाही, आपलं खातं फुगवतो, या विचाराचे ते होते आणि पुढे ते त्यांनी उघडपणे सांगितलं. मार्गारेट थॅचर यांची ही आवडती मालिका. १९८४ मध्ये त्या स्वतः एका छोट्या प्रवेशात तिच्या नटांबरोबर उभ्या राहिल्या. सरकारी उद्योग विकायला काढलेल्या पंतप्रधानांना ही मालिका आवडली यात योगायोग नव्हता. तिची हिंदी आवृत्ती 'जी मंत्रीजी' २००१ मध्ये स्टार प्लसवर आली, फारुख शेख मंत्री झाले होते.

"ते मी पाह्यलं होतं," मामा म्हणाले. "लय हासलो होतो."

"मग? हसलातच ना?"

"हासलो तं काय झालं. हासू खोटं थोडीच होतं."

इथे मला माझा मुद्दा सापडला. मी म्हटलं, "मामा, दरवर्षी तुम्ही हयातीचा दाखला द्यायला जाता. समोर उभ्या माणसाला जिवंत असल्याचा कागद मागणाऱ्या कचेरीवर हसायचं नाही? १९८५ ला 'रजनी'मध्ये प्रिया तेंडुलकर गॅसवाल्याशी, टॅक्सीवाल्याशी भांडायची तेव्हा घरोघरच्या बायकांना वाटायचं, आपणही भांडू शकतो. जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' १९८९ चा. सरकारी बाबू, ठेकेदार, डॉक्टर, कोणाला सोडलं नाही. तो विनोद सरकार मोडायला निघालेल्याचा नव्हता. रांगेत उभं राहून पाय दुखलेल्या माणसाचा होता. तुमच्या दवाखान्याला बदनाम कोण करतं? त्याच्यावर विनोद करणारा, की तिथे औषध न ठेवणारा?"

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मामींनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"हे बरोबर हाये," ते म्हणाले. "पण तुह्याच तोंडून निघालं ते ऐक. 'फ्लॉप शो' कुठी दाखवला? दूरदर्शनवर. सरकारच्या वाहिनीवर सरकारी बाबूची टिंगल. आन २०१७ मधी तो राजस्थानचा पोरगा?"

श्याम रंगीला. 'ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'मध्ये त्यानं पंतप्रधानांची नक्कल केली, चित्रीकरण झालं, परीक्षक हसले, आणि तो भाग वाहिनीनं दाखवलाच नाही. नंतर ती फीत बाहेर फुटली आणि सगळ्या देशानं फोनवर पाहिली. नक्कल करू नको असं वाहिनीनं सांगितल्याचं त्यानंच मुलाखतींत सांगितलं.

"ती खासगी वाहिनी होती," मामा म्हणाले. "तवा पाहायचं ते हे, की वाहिनी कोणाची हाये. तू तेलुगू पाहत नाहीस, मी पाहतो."

आणि मग मामा तेलुगूवर आले. मला हा भाग वांकिडीत बसल्याशिवाय कळला नसता, म्हणून सविस्तर सांगते.

तेलुगू सिनेमात तेलंगणाची बोली वर्षानुवर्षं गुंडाच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी असायची. नायक बोलायचा किनारपट्टीची तेलुगू. वेगळ्या राज्याच्या आंदोलनात पाणी आणि नोकऱ्यांच्या जोडीनं ही सलही होती. २०१२ मध्ये व्ही-सिक्स ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर 'तीनमार' नावाच्या बातम्या यायला लागल्या. बित्तिरी सत्ती आणि सावित्री ही जोडी, आणि तीनमार मल्लन्ना. सगळे अस्सल तेलंगणी बोलीत मंत्र्यांना टोचायचे, रस्त्यातला खड्डा दाखवायचे, गावातल्या म्हातारीशी तिच्याच शब्दांत बोलायचे.

"त्या दिवसांत मी रोज पाहायचो," मामा सांगत होते. "माही भाषा मराठी, तरी मले आनंद होये. जी बोली हासू करायसाठी होती, ती आता दुसऱ्याले हासून राहिली होती. पण पुढं काय झालं ते पाह्य. वाहिनी विवेक वेंकटस्वामींची. ते खासदार होते, आता आपल्या बाजूच्या चेन्नूरचे आमदार हायेत, २०२५ मधी मंत्री झाले. मल्लन्ना २०२४ मधी काँग्रेसकडून विधान परिषदेत गेला. तिकडं ई टीव्हीवर 'जबर्दस्त' लागे २०१३ पासून. त्याचे परीक्षक कोण? रोजा आन नागबाबू. रोजा तवा वायएसआर काँग्रेसची आमदार होती. २०२२ मधी मंत्री झाली तवाच तिनं ती खुर्ची सोडली. नागबाबू जनसेनेचा, २०१९ ले खासदारकीले उभा राहिला. म्हणजे विनोद पास की नापास हे ठरवणारे दोघंही निवडणुकीतले."

"पण तिथे निदान सगळं उघड आहे," मी म्हटलं. "कोण कोणाचं हे बघणाऱ्याला माहीत आहे. आणि मल्लन्नाला त्याच पक्षानं २०२५ च्या मार्चमध्ये निलंबित केलं. तोंड तर बंद झालं नाही ना त्याचं?"

"तेच म्हणतो मी. उघड सांगा. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक गावात ये, तवा लोकायले माहीत होतं की हे समाजवादी हायेत. निळू फुले त्यातूनच आले, दादा कोंडके त्यातूनच. पुलंनी 'पुढारी पाहिजे' लिहिलं ते कोणत्या बाजूनं, हे कोणाले विचारावं लागलं नाही."

"दादा पुढे शिवसेनेच्या व्यासपीठावर गेले, मामा. १९७१ ला 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर मिळेना, तेव्हा बाळासाहेब उभे राहिले."

"गेले. तेही उघड गेले."

मग मी माझी खरी गोष्ट सांगितली. पुण्याला शिकायला गेले त्या वर्षी मेसमध्ये मी 'मले पोळी द्या' म्हटलं आणि अख्खं टेबल हसलं. त्यानंतर दोन महिने मी बोट दाखवून जेवण मागत होते. मग भारत गणेशपुरे टीव्हीवर आले, 'फू बाई फू'मध्ये, नंतर थुकरटवाडीत. वऱ्हाडीतच बोलायचे, कोणाची भीड न ठेवता. होस्टेलच्या मुली मला म्हणायला लागल्या, तुझ्या भाषेत बोल ना जरा. माझी भाषा मला त्या कार्यक्रमानं परत दिली. याला राजकारण म्हणायचं असेल तर ते माझ्या बाजूचं होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "त्या पोरी तुले बोलायले सांगत, ते ऐकायसाठी का हासायसाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही होतं. काही मुली हसल्या आणि मैत्रिणी झाल्या, काही नुसत्या हसल्या. गणेशपुऱ्यांचा मला आजही अभिमान आहे, आणि बातम्या वऱ्हाडीत सांगणारी एकही मोठी मराठी वाहिनी नाही, हेही तितकंच खरं आहे. तेलंगणी बोली बातमीच्या टेबलामागे जाऊन बसली. आमची अजून पाहुणी म्हणून येते, टाळ्या घेते आणि जाते.

बाहेर ढोल वाजायला लागले. दंडारीचे, गोंडांच्या दिवाळीतल्या नाचाचे दिवस होते. एका गावची मंडळी दुसऱ्या गावाला पाहुणी निघाली होती. आम्ही ओट्यावर आलो. नाचणाऱ्या गुसाडींच्या डोक्यावरचे मोरपिसांचे टोप बल्बच्या उजेडात निळे-हिरवे हलत होते. अंगाला राख, हातात काठी. मागे बायकांच्या वेषातले पुरुष. ढोल थांबले की मधेच दोघं-तिघं सोंग घेऊन पुढे यायचे. त्यातला एक जंगलखात्याचा शिपाई झाला होता, गोणपाटाचा पट्टा कमरेला आणि नुसत्या चुलीतल्या राखेकडे पाहून लाकडाचा दंड मागत होता. गर्दी गोंडीत, मराठीत ओरडत होती.

"पाह्यलं?" मामा म्हणाले. "गावात खरा शिपाई हाये. उद्या तो याच रस्त्यानं जाईन आन हे सोंग घेणारं पोरगं त्याले दिसन. त्याले राग आला तं तो बोलन, हेही बोलतीन. टीव्हीवरच्या सरपंचाले बोलता येते का?"

मी म्हटलं, टीव्हीवाल्यांनाही जाब द्यावा लागतो की. 'चला हवा येऊ द्या'च्या २०२१ च्या दिवाळीच्या भागात नारायण राणेंची नक्कल झाली, त्यांचे कार्यकर्ते चिडले, आणि सूत्रसंचालक निलेश साबळेंना राणेंची भेट घेऊन माफी मागावी लागली. २०२५ च्या मार्चमध्ये कुणाल कामराचं एकनाथ शिंदेंवरचं विडंबनगीत बाहेर आलं, तर खारच्या ज्या हॅबिटॅट स्टुडिओत तो कार्यक्रम झाला होता तो शिवसैनिकांनी फोडला. "इतकं सोसून जी माणसं विनोद करतात, त्यांना तुम्ही सरपंचाचा हिशोब विचारता, हे मला कठोर वाटतं. चार माणसांचं पोट त्या कार्यक्रमावर चालतं. माफी मागितली म्हणून ती भित्री होत नाहीत."

"मी त्याले भित्रा म्हटलंच नाही. माफी मागणाऱ्याचं मले दुखतेच." मामा दंडारीकडे पाहत होते. "पण मले सांग, इतक्या वर्षांत टीव्हीवाल्यांनी एखाद्या सरपंचाची माफी मागितली का? एखाद्या मास्तराची? एखाद्या अंगणवाडीच्या बाईची?"

या प्रश्नावर मी त्या रात्री झोपेपर्यंत विचार करत होते, आणि अजूनही माझ्याकडे त्याला उत्तर नाही. विनोदाला दात असतात हे आपल्याला माफीवरून कळतं. पण माफी ज्याला मिळते त्याच्याकडे माणसं असतात, झेंडे असतात. वर चावलं की वरचा ओरडतो आणि आपण म्हणतो, व्यंग धोक्यात आहे. खाली चावलं तर आवाजच येत नाही, म्हणून तो निरुपद्रवी विनोद ठरतो. लेखक त्यामुळे हळूहळू खाली चावायला शिकतो. कोणी त्याला तसं सांगितलेलं नसतं. वाहिनीच्या वकिलाचा फोन कोणत्या ओळीनंतर येतो आणि कोणत्या ओळीनंतर येत नाही, एवढ्यावरून त्याचा हात वळतो. माझा हात तर कोणीही न सांगता वळला होता. माझ्या प्रहसनात जिल्हाधिकारी नव्हता, मंत्री नव्हता. मुंबई नव्हती, हैदराबाद नव्हतं. दोन सरपंच आणि एक उलटी पाटी होती.

सकाळी चहाच्या वेळी मी एक शेवटचा प्रयत्न केला. अमेरिकेत १९७१ साली 'ऑल इन द फॅमिली' नावाची मालिका लागली. आर्ची बंकर नावाचा घरचा कर्ता काळ्यांना, परक्यांना, बायकांना सतत नावं ठेवतो, आणि लेखकांचा हेतू असा की लोकांनी त्याच्या द्वेषावर हसावं. विडमार आणि रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांना विचारून १९७४ मध्ये निष्कर्ष छापला. ज्यांच्या मनात आधीच द्वेष होता त्यांना आर्ची आपला वाटत होता, वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. ज्यांच्या मनात नव्हता ते त्याच आर्चीवर हसत होते. "मग मी काहीही लिहिलं तरी बघणारा त्याला हवं तेच घेणार," मी म्हटलं. "पाटी उलटी असो की सुलटी."

"असन," मामा म्हणाले. "पण आपण त्याच्या हातात काय देतो हे तं आपल्याच हातात हाये. हसऱ्याच्या मनात द्वेष हाये हे माहीत असून मी त्याच्या हाती दगड काहून देऊ?"

"दगड नाही मामा, विनोद आहे. आणि सगळीकडे असं तोलत बसलं तर हसू येणारच नाही."

"येईन. कालचा जंगलवाला पाहून हासलीस ना?"

हसले होते. त्यांचं सगळं मला पटलं असं नाही. सतत उघड बाजू घेणारा विनोद लवकर भाषण होतो, आणि भाषणाला हसायला कोणी येत नाही, हे मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते. सासरा आणि सून एका सतरंजीवर बसतात, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. पण पाटीची ती ओळ मी खोडली.

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. पाट्या दोन केल्या. एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. एक सरपंच बाई केली, परमडोलीकडची, चांगली शिकलेली. दोघांनाही आपापली पाटी घडाघडा वाचता येते, आणि दोन्ही पाट्यांवर पंप मंजूर करणाऱ्या साहेबांची नावं इतकी लांबलचक की ती वाचून संपेपर्यंत घागरी घेऊन आलेल्या बायका खाली बसतात. पंपाला पाणी येत नाही. मराठी सरपंच बाई चंद्रपूरला फोन लावते, तेलुगू सरपंच आसिफाबादला लावतो, आणि दोन्ही साहेब एकच वाक्य सांगतात: ते गाव आमच्याकडे येतं का, आधी पाहावं लागेल. मतदानाच्या दिवशी मात्र दोघांच्या जीपा येतात.

"हे साहेब कोणाले झोंबतीन," मामा म्हणाले. "कॉलेजात पाहुणा कोण हाये तुह्या?"

मी नाव सांगितलं. मामांनी एक भुवई वर केली, पण ओळ काढ म्हणाले नाहीत.

तेलुगू सरपंचाचं उत्तर काही मला मराठीत जमेना. मामांनी वही ओढली आणि समासात त्या गोल अक्षरांत एक ओळ लिहिली. मामी परतीच्या डब्यासाठी चिवडा भरत होत्या. त्यांनी मागून वाकून ती वाचली आणि हातातला डबा खाली ठेवून हसायलाच लागल्या.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"तालमीत तेलुगू वाचणारं एखादं पोरगं घे," मामा म्हणाले. "ते सांगन."